दहाचा पाना

हॅलिफॅक्सच्या चढावर, सकाळी सव्वासहाला,
रात्रपाळीने सुजलेला पाय क्लचवर ठेवून
मी इंडिकेटर दिला
आणि डॅशबोर्डचे दिवे त्याच्याच ठेक्यावर
मिचमिचायला लागले.
टिक, अंधुक. टिक, उजेड.
गाडीला काहीतरी सांगायचं होतं
आणि धीर होत नव्हता.

आठवडाभर दुर्लक्ष केलं.
त्यात माझा हात कोणी धरणार नाही :
दाढ, बॉयलर, दादाचे दोन फोन.
मग फ्यूज बदलला. मग बल्ब.
मग गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं,
अल्टरनेटर गेलाय, तीनशे चाळीस पौंड,
आणि माझ्या तोंडून जे निघालं
ते बरं झालं मराठीत होतं.

शेजारच्या नोरीन अ‍ॅक्रॉइड
कचऱ्याचा डबा ओढता ओढता थबकल्या.
वय एक्क्याऐंशी. अंगात नवऱ्याचा रेनकोट, पायात सपाता.
बावीस वर्षं ट्रकांच्या वायरी गुंफल्यात कारखान्यात, म्हणाल्या,
वेणी घालावी तशा. थांब.
आणि बिस्किटांच्या डब्यातून
मल्टिमीटर घेऊन आल्या.

बॅटरी, बारा पूर्णांक सहा. ठणठणीत.
इंजिन चालू, चौदा पूर्णांक दोन.
तुझा अल्टरनेटर त्या गॅरेजवाल्यापेक्षा प्रामाणिक आहे.
आता हेडलाइट लाव, पंखा लाव, मागची काच तापव.
एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर,
दुसरं गाडीच्या उघड्या पत्र्यावर.
जिथे जवळजवळ शून्य हवं
तिथे शून्य पूर्णांक नऊ.

बाई हसल्या, कवळी सावरत.
अर्थ, म्हणाल्या. तुझा अर्थ सुटलाय, पोरी.

मी बघतच राहिले.

ट्रेच्या खाली ती होती, विणलेली पट्टी,
पत्र्याला बोल्टने बांधलेली.
पाच हिवाळे बर्फावर टाकलेलं मीठ खाल्लेलं
आणि खाल्ल्या मिठाला जागता जागता
हिरवी पडून अर्धी संपलेली.
वीज जाते बरोबर, नोरीन सांगत होत्या,
यायची वाट खराब आहे.
मग ती परक्यांच्या दारातून घरी शिरते,
म्हणून सगळे दिवे दचकतात.

अण्णा फलटणला वीज मंडळात वायरमन.
मीटरखाली खड्डा खणून त्यात
कोळसा आणि मीठ, कोळसा आणि मीठ, थर द्यायचे,
वर मला तांब्याभर पाणी ओतायला लावायचे.
तिथे मिठाने अर्थ लागायचा.
इथे मिठानेच सुटला.
हे नोरीनना सांगायला गेले,
पण मीठ म्हटल्यावर त्यांना चिप्स आठवले
आणि विषय तिकडे गेला.

काळी वायर आधी सोडायची, कायम.
दहाचा पाना गारठलेल्या बोटांतून निसटला,
टण्, टण्, मग काहीच नाही.
डब्यातून दुसरा काढला.
पॉलिश पेपरने घासत बसले
पत्र्याखालून चांदी वर येईपर्यंत,
नवी पट्टी, सहा पौंडांची,
आणि वरून व्हॅसलिन, माझ्याच पर्समधलं,
जे मी रात्री केअर होममधल्या
मिस्टर थ्वेट्सच्या ओठांना लावते.

किल्ली फिरवली.
इंडिकेटर दिला.
दिवे जागच्या जागी.
घड्याळ तेवढं शून्यावर गेलं होतं,
ते मी अजून लावलेलं नाही.

पैसे घेतले नाहीत. डबा बंद करताना म्हणाल्या,
पहिला पाना सापडला तर दे बरं का,
वॉल्टरचा होता.

मी शोधते म्हटलं.
रोज सकाळी उतारावरून येताना
तो आत कुठेतरी वाजतो.
दिवे स्थिर असतात.
मी रेडिओ लावत नाही.